मोगरा उडून गेल्यावर

माझ्या डाव्या मनगटाला आज सकाळपासून बोकडाचा वास येतो आहे. उजव्या मनगटावर गुलाब होता, तो जेवण झाल्यावर चिंचेकडे झुकला. कोपराच्या आतल्या बाजूला काय लावलं होतं ते मी विसरले. पण जे होतं त्याला आता तापलेल्या इस्त्रीचा वास येतोय. नातसून चहा घेऊन आली, दारातच थबकली आणि फार अदबीनं म्हणाली, "आजी, आंघोळीला पाणी तापवू का?"

"झाली माझी आंघोळ," मी म्हटलं. "हे काम चाललंय."

सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या अंगाला बोकडाचा वास यावा आणि तिनं त्याला काम म्हणावं, असा हा माझा धंदा. जुन्या जालन्यात कापडाच्या आणि धान्याच्या दुकानांच्या मधोमध आमचं अत्तराचं दुकान आहे. इतकं अरुंद, की दोन गिऱ्हाइकं एकदम आत आली तर एकाचं अत्तर दुसऱ्याला फुकट लागतं. आता तिथं मुलगा बसतो. नव्या शिश्या आल्या की तो आधी माझ्याकडे पाठवतो आणि मी त्या अंगावर लावून दिवसभर घरात हिंडते. घरातल्या माणसांना याची सवय झाली आहे. पाहुण्यांना होत नाही.

माझं माहेर मंठ्याजवळच्या एका खेड्यातलं, शेतकऱ्याचं. मला वास ठाऊक होते ते कडब्याचे, तुरीच्या भुश्शाचे, नव्या गुळाचे. अत्तर म्हणजे लग्नात मांडवाच्या तोंडाशी कुणीतरी हाताच्या पालथ्या बाजूला काडीनं पुसतं ते, एवढीच त्याच्याशी ओळख. लग्न होऊन जालन्याला आले तेव्हा कळलं, की अत्तरवाल्याच्या एकुलत्या एक मुलाला अत्तरानं शिंका येतात. साध्या नाहीत. एकदा सुरू झाल्या की फटाक्यांच्या माळेसारख्या; संपल्या असं वाटावं आणि शेवटची एक मोठी यावी. आमच्या ह्यांनी म्हणून नव्या जालन्यात बँकेत नोकरी धरली आणि जन्मभर ते घरात मागच्या दारानं आले, कारण पुढचं दार दुकानातून होतं.

मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, याचं फार वाईट वाटायचं. एक दिवस मी स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता सहज म्हटलं, "शेजारच्या काकूंचं दूध लागलंय वाटतं." मामंजी पानावरून उठले, शेजारी जाऊन विचारून आले आणि माझ्याकडे, नवी घेतलेली गाय दुभती निघाल्यावर बघावं तसं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सूनबाई, आजपासून गादीवर बस."

सासूबाई म्हणाल्या, "अहो, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, अत्तराच्या दुकानात बाई बसली. अन् बघायला येतील. आले की अत्तर लावू."

अशी मी धंद्यात आले. नाक बरं होतं, डोकं यथातथाच होतं, आणि नाकापेक्षा मोठा होता तो तोरा. पहिल्याच दिवशी मी केसात मोगऱ्याचा भलाथोरला गजरा माळून गादीवर बसले. जे गिऱ्हाईक येईल त्याला गुलाबातही मोगरा, खसातही मोगरा, केवड्यातही मोगरा. मामंजींनी दुपारपर्यंत ते बघितलं. मग म्हणाले, "हलवाई तोंडात साखर धरून बर्फी चाखायला लागला तर बर्फी बिलकुल कळायची न्हाई." मी म्हटलं, "मग हलवायानं चाखूच नये." एवढं बोलून आपण फार हुशारीचं बोललो, या आनंदात मी संध्याकाळपर्यंत होते. गजरा काही काढला नाही.

आता धंद्याचं जरा सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

अत्तर म्हणजे तेल. जुन्या काळी ते चंदनाच्या तेलात धरलेलं असे. फुलाचा वास चंदनात मुरवायचा. आता चंदन कुणाला परवडतंय, बिनवासाच्या पातळ तेलात काम भागवतात. त्याबद्दल मी बोलायला लागले तर हा लेख वाचणाऱ्यांनाही शिंका येतील. मुद्दा असा की शिशीचं बूच उघडून हुंगलं, छान वाटलं आणि घेतलं, तर ते नवरदेवाला घोड्यावर बघून मुलगी देण्यासारखं आहे. घोड्यावरून उतरल्यावर तो कसा वागतो ते कातडीवर कळतं.

कातडीवर लावल्यावर आधी हलके वास उडून जातात. मोगऱ्याची ती वरची झुळूक, लिंबासारखं काही असेल तर ते, सगळे आले तसे जातात. मग मधले वास बसतात. आणि सगळ्यात शेवटी तळाशी जे जड असतं ते उरतं: चंदन, ऊद, कस्तुरीच्या जातीतले वास. लोक विकत घेतात पहिला वास आणि संसार करतात तिसऱ्याशी. त्यातही कातडी कोरडी असेल तर अत्तर पिऊन टाकते, तेलकट असेल तर धरून ठेवते. वैशाखात एक वास, पौषात दुसरा. कुणी लसूण फार खातं, कुणी मेथी. सख्ख्या भावांच्या हाताला एकाच शिशीतलं अत्तर लावलं तर संध्याकाळी दोघे दोन गावचे वाटतात. हे असं का होतं ते मला विचारू नका. एका गिऱ्हाइकाच्या शिकलेल्या मुलीनं एकदा मला सगळं समजावून सांगितलं होतं. त्यातलं अर्धं मला कळलं आणि कुठलं अर्धं ते आता आठवत नाही.

म्हणून आमच्या दुकानात एक रीत होती. गिऱ्हाइकाच्या हाताच्या पालथ्या बाजूला काचेची काडी टेकवायची, चोळू द्यायचं नाही, आणि सांगायचं, "आधी बाजार करून या." माणसानं तास-दोन तास मोंढ्यात हिंडावं, बी-बियाणं बघावं, कापड घ्यावं, उन्हात घामेजावं आणि परत येताना हात हुंगावा. तेव्हा आवडलं तर घ्यावं.

ही रीत मला शुद्ध वेडेपणाची वाटायची. हातात आलेलं गिऱ्हाईक आपणच रस्त्यावर सोडायचं? त्यातले निम्मे परत यायचेच नाहीत. आमचं अत्तर लावून दुसऱ्याच्या दुकानातून साड्या घेऊन गावी जायचे. तेव्हा मामंजी दुपारी जरा आडवे झाले, की मी माझ्या पद्धतीनं धंदा करायचे. अत्तर गिऱ्हाइकाच्या हाताला लावायचं नाही, स्वतःच्या मनगटावर लावायचं आणि मनगट पुढे करायचं. माझी कातडी पक्की लबाड आहे. तेव्हा तर तिच्यावर सगळंच चांगलं लागायचं. (आता वयानं तीही खरं बोलायला लागली आहे; बोकडाचं वर सांगितलंच.) गिऱ्हाईक खूश, मी खूश. मामंजी उठायच्या आत शिश्या बांधून झालेल्या असायच्या.

तऱ्हेवाईक गिऱ्हाइकं म्हणाल तर पुष्कळ. एक मास्तर होते. दर दिवाळीला बायकोसाठी गुलाब न्यायचे, स्वतःच्या हाताला लावून, डोळे मिटून, पसंत करून. एकदा त्यांच्या बाई एकट्याच आल्या, इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "वहिनी, ह्यांच्या हाताला गुलाब येतो हो. माझ्या अंगावर त्याचं लोणचं होतं. मला खस द्या." मी खस दिलं. दिवाळीनंतर मास्तर दुकानात छाती काढून आले. "काय वहिनी, आमच्या गुलाबाची निवड कशी? परवा घरी पाहुणेसुद्धा म्हणाले, काय वास आहे!" मी म्हटलं, "तुमचं नाकच तसं आहे, मास्तर." त्यानंतर किती तरी दिवाळ्या त्या बाईंनी मास्तरांचा गुलाब कपाटात ठेवला आणि अंगाला खस लावलं. संसार उत्तम झाला.

एक चाचा होते, दर शुक्रवारी नमाजाच्या आधी यायचे. एक काडी ऊद लावून घ्यायचे आणि घटकाभर मामंजींशी बोलत बसायचे. माणूस बोलायला मऊ, पण नाक करवतीसारखं. मी स्वतः बनवलेलं पहिलं अत्तर त्यांना मोठ्या ऐटीत हुंगायला दिलं. त्यांनी हुंगलं, शिशी हळूच खाली ठेवली आणि म्हणाले, "बेटी, इसमें सब है. बस सबर नहीं है."

हल्ली पोरं येतात, विचारतात, चोवीस तास टिकणारं आहे का? मी म्हणते, "बाबा, चोवीस तास तुला तरी कोणी सहन करतं का?"

तर ते मी स्वतः बनवलेलं अत्तर. त्याचं नावही मीच ठेवलं होतं: राणी-मंजिरी. हसू नका. तेव्हा मी पंचविशीत होते आणि मला वाटायचं, आपल्या आधी जगात कुणी दोन अत्तरं एकत्र केलेलीच नाहीत. वर मोगरा, खाली अंमळ ऊद, मध्ये केशराचा अंश. माझ्या मनगटावर ते असं काही उमलायचं, की मी पोळ्या लाटता लाटता हात हुंगायचे आणि पोळी करपायची.

उन्हाळ्याचे दिवस होते. समोरच्या गल्लीतले कापडवाले नारायणराव, त्यांची बायको आणि त्यांची भाची शोभा दुपारी दुकानात आले. म्हणजे नारायणराव दारातूनच "वहिनी, चांगलं काही तरी द्या, उद्या पोरीला बघायला येणार हायेत," असं सांगून गेले. शोभा मंठ्याकडची, म्हणजे माझ्या माहेरच्या बाजूची. उंच, सावळी, हात राबलेले. तिच्या मामी रस्त्यावरच्या बांगडीवाल्याकडे वळल्या तशी ती गादीवर वाकून म्हणाली, "वैनी, मुलगा मी बघितलेला हाये."

"अगं बाई! कुठं?"

"आमच्याच रानात."

तिच्या वडिलांकडे बियाण्याच्या कंपनीचा प्लॉट असायचा. एका झाडाच्या फुलातला पराग हातानं दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावायचं, फुलाफुलाला, अख्ख्या शेतात. त्यातून संकरित बी तयार होतं. ते काम शोभा करायची. आणि दिगंबर नावाचा हा मुलगा कंपनीकडून प्लॉट तपासायला यायचा.

"मी चुकीचं फूल धरलं म्हणून सगळ्या बायांदेखत रागावला मला," शोभा म्हणाली. "मंग मी दाखवलं त्याला, फूल बराबर होतं. तर 'माफ करा' म्हणला. वैनी, आमच्याकडं बाईमाणसाला माफ करा म्हणलेलं मी कवा ऐकलंच न्हाई."

"आणि तेवढ्यावर तू..."

"तेवढं पुष्कळ हाये." मग मामींकडे एक नजर टाकून म्हणाली, "आईच्या मागं लागून लागून स्थळ इथवर आणलंय. वडील म्हणले, दाखवायचं ते मामानंच दाखवावं; हे जमलं तर ठीक, न्हाई तर बिजवराला होकार देऊन टाकतो. त्या बिजवराचा पोरगा माझ्यापेक्षा उंच हाये, वैनी."

असं ऐकल्यावर माझ्यासारखी बाई गुलाबावर थांबते होय? मी राणी-मंजिरी काढलं, माझ्या मनगटावर लावलं, तिला हुंगवलं. तिचे डोळेच मिटले. पोरीच्या हाताला काडी लावून तिला उद्या सकाळी परत ये म्हणावं, हे सुचलं नाही असं नाही. पण मामंजी आडवे झालेले होते, शिशी हातात होती आणि माझी कातडी माझ्या बाजूनं बोलत होती. मी शिशी बांधून दिली. वर सांगितलं, "सकाळी भरपूर लाव. मनगटाला, मानेला, कानामागं. कंजुषी करू नको."

पोरीनं कंजुषी केली नाही.

पाहुणे अंबडकडचे. सकाळी येणार होते, ते वाटेत देवदर्शन करून, कुणाकडे तरी रस पिऊन, दुपारी टळटळीत उन्हात आले. तोवर शोभा पत्र्याच्या खोलीत साडी नेसून बसून होती. मोगरा कधीच उडून गेला होता.

चहाच्या सुमारास नारायणराव चपला न घालता पळत दुकानात आले.

"वहिनी! काय दिलंत पोरीला? दवाखान्याचा वास येऊन राह्यलाय तिला!"

मला हसूच आलं. "दवाखान्याचा? माझ्या राणी-मंजिरीला?"

"हसता काय! मुलाची आई म्हणतीय, पोरीला कायतरी रोग हाये, औषध चालू हाये, अन् तुमी लपवून ठेवलंय. उठून चालली होती. बरं झालं, जीपचं टायर पंक्चर निघालं. डायवर टायर घेऊन गेलाय, तवर बसलीय. पोह्याला हात लावला न्हाई."

मामंजी आतून आले. गल्ल्याशी बसले, चष्मा पुसला. "ऊद घातल्ता का त्यात?"

"जरासा," मी म्हटलं.

"पोरीच्या हाताला लावून बघितल्तं?"

मी काचेच्या काडीकडे बघायला लागले. मामंजींनी राणी-मंजिरीची दुसरी शिशी माझ्या हातात दिली. "मंग जा आता. या खेपेला तू बाजार करून ये."

नारायणरावांच्या घरी बाहेरच्या खोलीत पुरुष, आतल्या खोलीत बायका, मध्ये पडदा. आत शिरले मात्र, आणि मला वास आला. ऊदाचं काही काही कातडीवर असं होतं हे मला ऐकून ठाऊक होतं. नाकानं त्या दिवशी कळलं. ओली पट्टी, टिंचर, कंपाउंडरचा हात आणि फरशीवरचं फिनेल, सगळं एकत्र. शोभा कोपऱ्यात खाली मान घालून बसली होती आणि तिच्याभोवती अख्खा सरकारी दवाखाना उभा होता.

मुलाच्या आई, कावेरीबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. ठसठशीत कुंकू, मांडीवर पदर, समोर पोह्याची बशी तशीच. "पोरगी गुणाची हाये," त्या नारायणरावांच्या बायकोला शांतपणे सांगत होत्या. "रूपाचीबी हाये. पन कशाचं औषध चालू हाये तेवढं सांगा. आमच्या थोरल्या सुनेच्या माहेरानं तिचा दमा असाच लपवल्ता. आता तिच्या उशाला गोळ्या अन् माझ्या उशाला काळजी. दुसऱ्यांदा मी फसनार न्हाई."

मी पुढे झाले. "अहो बाई, औषध नाही, ते अत्तर आहे!"

"तुमी कोन?"

"मी अत्तरवाली."

"अत्तराला दवाखान्याचा वास? मंग तुमचं दुकान हाये का इस्पितळ?"

मी शिशी उघडून त्यांच्या नाकाशी धरली. इथं माझी खरी अक्कल बघा. शिशीत काय होतं? मोगरा. ताजा, टवटवीत, वर उसळणारा मोगरा.

"ह्यात तर मोगरा हाये," कावेरीबाई म्हणाल्या. "पोरीला मोगऱ्याचा वास कुटं येतोय?"

माझीच शिशी माझ्याविरुद्ध साक्ष देऊन मोकळी झाली. मी घाईघाईनं सांगायला लागले, की मोगरा आधी उडून जातो, मग खालचा ऊद उरतो, तो सगळ्यांच्या अंगावर चांगलाच असतो, पण हिच्या कातडीवर तो असा झाला.

"म्हंजे पोरीच्या कातडीतच खोट हाये म्हना की," कावेरीबाई म्हणाल्या.

कोपऱ्यातून शोभाचा आवाज आला, "वैनी, तुमी जरा गप बसा ना."

ती मान वर करून थेट कावेरीबाईंकडे बघत म्हणाली, "मावशी, आमच्याकडं एकाच थैलीतलं बी खालच्या रानात टाकलं तर वेगळं येतं, माळावर टाकलं तर वेगळं येतं. म्हणून माळाला खोट हाये असं कुणी म्हणत न्हाई. खात्री करायची तर दोन्हीकडं टाकून बघायचं. इथं एवढी माणसं हायेत. सगळ्यांच्या हाताला लावा अन् बघा."

"बराबर आहे!" पडद्याच्या पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "तपासणीची पद्धत तीच आहे!"

"दिग्या, तू गप," त्याच्या वडिलांचा आवाज आला. पण आता मुलगा सगळं ऐकत बसला होता हे सगळ्या घराला कळलं, आणि शोभाचे कान लाल झाले.

पडदा बाजूला झाला. मी काडी घेऊन फिरले. मुलाचे वडील तात्या, दिगंबर, नारायणराव, मामी, माझं स्वतःचं मनगट. कावेरीबाई म्हणाल्या, "मला कशाला?" मग सगळे आपल्याकडेच बघताहेत म्हटल्यावर त्यांनी हात पुढे केला, तलाठ्यापुढे अंगठ्याला करावा तसा. मी सगळ्यांना बजावलं, चोळायचं नाही, पुसायचं नाही, टायर येईपर्यंत बसायचं.

आणि आम्ही बसलो. सगळे जण हाताची पालथी बाजू वर करून, मेंदी लावल्यासारखे. तात्यांच्या मिशीवर माशी बसली तर त्यांना ती डाव्या हातानं हाकलता येईना, कारण तो नारायणरावांनी गप्पांच्या भरात धरून ठेवलेला, आणि उजव्यावर अत्तर. त्यांनी फुंकून बघितलं. दिगंबर छताकडे बघायचा आणि छताकडून खाली येताना नजर दरवेळी शोभावरून यायची. कावेरीबाईंनी शेवटी पोहे खाल्ले. मी मनात ऊदाला नवस बोलत होते. माझं दुकान, माझं अत्तर, माझं नाव हे सगळं खड्ड्यात गेलं तरी चालेल. पण त्या उंच पोराची आई होण्यातून ही पोर सुटली पाहिजे.

मग मी एकेकाचा हात हुंगायला लागले. तात्यांच्या हाताला नव्या गोणपाटाचा वास.

"गोणपाट?" तात्या दुखावले.

नारायणरावांच्या हाताला गुलकंद. त्यांना इतका आनंद झाला, की ते जो दिसेल त्याच्या नाकाशी हात नेऊ लागले. मामींच्या हाताला बंद ट्रंकेचा वास, डांबराच्या गोळ्यांसकट. दिगंबरच्या हाताला काहीच नाही. पुन्हा हुंगलं, तरी काही नाही. त्याच्या कातडीनं सगळं पिऊन टाकलं होतं. तात्या म्हणाले, "ह्याच्यावर केलेला शिक्षणाचा खर्चबी असाच मुरला."

माझ्या मनगटावर अर्थात स्वर्ग होता. मी ते लपवलं.

"बघा," मी म्हटलं, "एक शिशी आणि किती वास!"

"ते खरं," तात्या विचार करत म्हणाले. माणूस साधा, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. "पन दवाखाना तर कुनालाच न्हाई आला की."

खरंच होतं. गोणपाट, गुलकंद, ट्रंक, सगळं आलं होतं. दवाखाना एकट्या शोभाचाच राहिला होता. आता एकच हात उरला होता.

"विहीणबाई, तुमचा?" मी विचारलं.

कावेरीबाईंचा हात पदराखाली होता. तो तिथं केव्हा गेला ते मला दिसलं नव्हतं. "माझं काय न्हाई," त्या म्हणाल्या. "माझा मोगराच हाये अजून."

मी त्यांच्याशेजारीच बसले होते. पदर काही अत्तर अडवत नाही. ओली पट्टी, टिंचर, कंपाउंडरचा हात, फिनेल. शोभापेक्षा कांकणभर जास्तच. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला कळलंय हे त्यांना कळलं.

आता तुम्ही म्हणाल, ओरडून सांगायचं की! मीही तोंड उघडलं होतं. पण चारचौघांत वरमाईच्या अंगाला दवाखान्याचा वास येतो म्हणून जाहीर केलं, तर ती सोयरीक जुळेल की त्याच जीपनं अंबडला जाईल? मी आयुष्यात पहिल्यांदा उघडलेलं तोंड काही न बोलता मिटलं. फार जड गेलं. कोपऱ्यात शोभा आपल्या हाताकडे बघत होती, परीक्षेत नापास झाल्यासारखी.

"टायर बसवलं!" रस्त्यावरून ड्रायव्हर ओरडला.

तात्या उठले. नारायणराव गुलकंदाचा हात खाली सोडून उभे राहिले. दिगंबर उठेना. "चल रे," तात्या म्हणाले. तो म्हणाला, "अजून एकांची तपासणी राहिली आहे." आणि आईकडे बघत राहिला. नाक त्यालाही होतंच. आईच्या मांडीवरच तो लहानाचा मोठा झाला होता.

कावेरीबाईंनी पोह्याची रिकामी बशी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "इकडं ये गं, पोरी. बस माझ्यापाशी."

शोभा आली, बसली. कावेरीबाईंनी तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि पदराखालचा आपला हात काढून त्यावर घट्ट ठेवला. वास उठला, पण आता कुणाच्या हाताचा ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. तो हात त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. "पोरगी पसंत हाये," त्या म्हणाल्या. "तारीख काढा."

"अगं, पन ते औषधाचं?" तात्या म्हणाले.

"कसलं औषध? अत्तर हाये ते. भारीतलं. तुमाला काय कळतंय, गोणपाटाला!"

शोभानं त्या दोन हातांवर नाक वाकवलं, जरा थांबली, पुन्हा वाकवलं. मग एकदम पदर तोंडावर घेतला आणि तिचे खांदे गदगदा हलायला लागले. मामींचे डोळे पाणावले. "लाजली गं माझी बाय," त्या म्हणाल्या. कावेरीबाईंनी समोरच्या भिंतीकडे बघत, ओठ घट्ट मिटून, पोरीचा हात जोरात दाबला, आणि मग त्यांचेही खांदे हलायला लागले.